ओव्हाळ वकिलांची शेवटची रांग

ओव्हाळ वकिलांवर काहीतरी लिहा, असं मला अनेकांनी सांगून पाहिलं. बँकेच्या स्मरणिकेसाठी सांगितलं, खडकीच्या वाचनालयानं सांगितलं, ते गेल्यावर त्यांच्या मुलीनंही सांगितलं. दर वेळी मी निमित्त काढलं. कधी डोळ्यांचं, कधी हाताच्या थरथरण्याचं. खरं कारण असं, की त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की एका सभेपाशी यावं लागतं, आणि त्या सभेत काय झालं हे नीट माहीत असलेला माणूस आता मी एकटाच उरलो आहे. ऐंशी ओलांडली. मोतीबिंदू काढल्यापासून दिसतं चांगलं. हातही, खरं सांगायचं तर, फारसा थरथरत नाही. निमित्तं संपली.

ॲडव्होकेट भागवत ओव्हाळ हे आमच्या मुळाकाठ नागरी सहकारी बँकेचे अध्यक्ष, शिवाजीनगर कोर्टातले दिवाणी वकील आणि एक मुदत आमदार होते. मी त्याच बँकेत व्यवस्थापक होतो. बँक लहान. सभासद म्हणजे दारूगोळा कारखान्यातले कामगार, बाजारातले दुकानदार, रिक्षावाले, शाळामास्तर. ओव्हाळांचे वडीलही त्याच कारखान्यात होते आणि ते स्वतः कारखान्याच्या क्वार्टर्समध्येच वाढले. त्यांच्या घरात बुद्धाची एक लहान मूर्ती होती आणि बाकी सगळी पुस्तकं. आमदार झाल्यावरही ते स्कूटरवरून फिरत. काळा कोट घडी करून डिकीत ठेवलेला, खिशात फुटाण्यांची पुडी. समोर कोणीही बसलेलं असो, पुडी आधी पुढे करायची आणि मग विचारायचं, "बोला."

त्यांच्या बँकेतल्या केबिनबाहेर एक पाटी होती. "चिठ्ठी आणू नये. आणल्यास मोठ्याने वाचली जाईल." लोकांना वाटायचं, पुणेरी विनोद आहे. एकदा एक सुटाबुटातले गृहस्थ कोणा मंत्र्याची चिठ्ठी घेऊन आले. भाच्याला कर्ज हवं होतं, आणि कागदपत्रं मागू नयेत अशी इच्छा होती. ओव्हाळ त्यांना हाताला धरून बाहेर काउंटरपाशी घेऊन आले. पेन्शनवाल्यांची रांग होती.

"मंडळी, यांनी काहीतरी आणलंय. वाचा साहेब."

"इथं? अहो, खाजगी आहे."

"बँक लोकांची आहे, मग पत्र खाजगी कसं? वाचा. आणि जरा मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

"रांग तर एकच आहे," रांगेतला एक निवृत्त हवालदार म्हणाला.

"मग तुम्हीच शेवटचे. ऐका."

त्या गृहस्थांनी चिठ्ठी खिशात घातली आणि निघून गेले. ओव्हाळ हवालदाराला म्हणाले, "बघा. चांगली असती तर वाचली असती ना?"

शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे, हे त्यांचं पालुपद. नुसतं ऐकू जाऊन भागत नसे. ऐकलेलं ऐकणाऱ्यानं आपल्या शब्दांत परत सांगायचं. कर्जाच्या कागदावर कोणाची सही घेण्याआधी ते त्याला समोर बसवत आणि मला मजकूर वाचायला लावत. वाचून झालं की विचारत, "आता तुम्ही सांगा. काय ऐकलंत?"

एक जामीनदार म्हणाला, "मित्राला मदत, साहेब."

"नाही. पुन्हा वाचा, जोगळेकर."

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे... त्यानं नाही भरलं तर मला विचारणार?"

"विचारणार नाही, तुमच्याकडून घेणार. मित्र पळाला आणि तुम्ही सापडलात, त्याला जामीनदार म्हणतात."

तो माणूस उठून उभा राहिला. शेजारी बसलेला मित्र चिडला. "अरे, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" केबिनमध्येच दोघांचं जुंपलं. ओव्हाळ शांतपणे फुटाणे खात बसले. मी म्हणालो, "साहेब, आवरा ना." तर म्हणाले, "भांडू द्या. आत्ता फुकट आहे. नंतर कोर्टात भांडले तर त्यांना मला फी द्यावी लागेल."

या सवयीमागचं कारण मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, वडिलांचा अंगठा, कुठला तरी सावकार, अशी काहीतरी कहाणी निघेल. ते म्हणाले, "कसली कहाणी? वकिलीच्या पहिल्या वर्षी कोर्टानं निकाल वाचला. माझा पक्षकार माझ्या शेजारी उभा. सगळं ऐकून झाल्यावर मला विचारतो, साहेब, आपण जिंकलो की हरलो? निकाल त्याच्या जमिनीचा, त्याच्यासमोर वाचलेला. तेव्हा ठरवलं, की वाचणाऱ्याचं काम वाचून संपत नाही."

आता सभेविषयी. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना माहीत असेल. वरून कोणीतरी पुटपुटत विषय वाचतो, पहिल्या दोन रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो, आणि मागचे लोक अल्पोपाहाराचं कूपन सांभाळत तोच सूर पुढे चालवतात. ओव्हाळ अध्यक्ष झाले आणि त्यांनी गजर बंद केला. प्रत्येक ठराव मी सावकाश वाचायचा. मग ते हॉलमध्ये कुठेही बोट दाखवायचे. ज्याच्यावर बोट येईल त्यानं उभं राहून काय वाचलं ते सांगायचं. त्याला सांगता आलं नाही तर मी पुन्हा वाचायचं. सांगता आलं की मगच मत.

पहिल्या वर्षी सभा इतकी लांबली की बटाटेवडे गार झाले आणि लोकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्षी लोक अहवाल वाचून येऊ लागले, कारण बोट कोणावर येईल याचा नेम नव्हता. खडकी बाजारात बांगड्यांचं दुकान असलेले मणियार चाचा तर आदल्या दिवशी बँकेत येऊन मला पकडत. "जोगळेकरसाहेब, ते लाभांशाचं जरा समजावून सांगा. उद्या वकीलसाहेब मलाच उठवणार. मागच्या वर्षी बायकोसमोर लाज गेली." चाचांनी एकदा तोट्याच्या तरतुदीबद्दल उठून सांगितलं, "म्हणजे पाऊस येणार म्हणून आत्ताच छत्री घेऊन ठेवायची." ओव्हाळांनी ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं घ्यायला लावलं.

मी वाचताना घाई करत असे. मला सभा संपवून घरी जायचं असायचं. ते माईकवर हात ठेवून हळूच म्हणत, "जोगळेकर, घाई तुम्हाला आहे, सभेला नाही."

याच जोरावर ते अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. तिथे त्यांची भाषणं काही गाजली नाहीत. पण एका मंत्र्यांनी लांबलचक उत्तर वाचून दाखवल्यावर हे उभे राहिले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी आत्ता जे वाचलं ते कागद खाली ठेवून एकदा सांगावं." सभागृह हसलं. मंत्र्यांना सांगता आलं नाही. ही हकिगत ओव्हाळांनी मला सांगितली ती हसत नव्हे, जरा खिन्नपणे. "त्यांचा दोष नाही हो. त्यांना तो कागद कोणी वाचूनच दाखवला नसेल."

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. रोज नवं काही ऐकू येई. कारखान्यातले लोक शेअर्सचे फॉर्म भरत होते, खाजगी बँकांच्या काचेच्या शाखा उघडत होत्या, गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. आमच्या बँकेत संगणक आणायचा घाट ओव्हाळांनी घातला. कर्मचारी घाबरले. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "यंत्र येईल, माणूस जाणार नाही. पण माणसाला शिकावं लागेल. जोगळेकर, तुम्ही पहिले." मी पन्नाशीला आलेला. कळफलकावर एका बोटानं टकटक करायचो. पहिलं यंत्र आलं तेव्हा मणियार चाचांनी पडद्याकडे पाहून विचारलं, "यात माझं नाव आहे का?" मी शोधून दाखवलं. "चुकीचं तर नाही ना लिहिलं?" म्हणून त्यांनी ओव्हाळांना बोलावून मोठ्यानं वाचायला लावलं. ओव्हाळांनी वाचलं. दोघंही खूष.

माझा मुलगा समीर तेव्हा बीकॉम झाला होता. बेताचा. बँकेत कारकुनांची भरती निघाली. लेखी परीक्षेत समीरचा नंबर बराच खाली लागला. मी ओव्हाळांच्या केबिनमध्ये गेलो, दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "साहेब, समीरचं बघता आलं तर... इतकी वर्षं मी इथे..."

त्यांनी फुटाण्यांची पुडी पुढे केली नाही. उठले आणि दार सताड उघडलं. बाहेर सगळा स्टाफ होता.

"आता सांगा. काय म्हणत होतात?"

मी बाहेरच्या टेबलांकडे पाहिलं.

"ज्या गोष्टीला दार लावावं लागतं ती इथे होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "आणि अहो, त्याला कारकून कशाला करता? जी खुर्ची यंत्र घेणार आहे तीच मुलासाठी मागताय. त्याला यंत्र शिकवा."

सल्ला सोन्यासारखा होता. मला मात्र फक्त उघडलेलं दार दिसलं. आणि आज लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो, त्या रागात आणखी एक गोष्ट होती. "यांनी मला नाही म्हणावं?" असं मनात आलं. या "यांनी"मध्ये काय काय होतं ते मी त्या वेळी स्वतःलाही उलगडून सांगितलं नाही. मी कारकुनी करणाऱ्या घरांतला, आडनावाचा आब बाळगणारा माणूस. ते क्वार्टर्समधले, आंबेडकर जयंतीला पांढऱ्या कपड्यांत सर्वांत पुढे चालणारे. इतकी वर्षं मी त्यांना साहेब म्हणत होतो, आणि ते मनापासून म्हणतो असं मला वाटत होतं. त्या दिवशी कळलं, की मनाचा एक कोपरा म्हणत नव्हता.

त्याच वर्षी उपाध्यक्ष खांडगे यांनी पोटनियमात एक दुरुस्ती सुचवली. आमदार किंवा खासदार असलेल्या व्यक्तीला बँकेचं अध्यक्षपद भूषवता येणार नाही. वर कारण दिलं होतं, बँक राजकारणापासून दूर राहावी. खांडगे बिल्डर. ओव्हाळ अध्यक्ष असेपर्यंत त्यांची कर्जं वाचून दाखवली जात होती, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. संचालक मंडळात ओव्हाळ दुरुस्ती अडवू शकले असते. त्यांनी उलट ती कार्यक्रमपत्रिकेवर घेतली. "म्हणणं अगदीच चूक नाही," मला म्हणाले. "दोन खुर्च्यांवर बसतो हे खरंच आहे. सभेला ठरवू द्या. कळून ठरवलं तर मी आनंदानं उठेन."

त्यांचा आणखी एक नेम होता. स्वतःचा विषय आला की ते अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठून हॉलबाहेर जात, म्हणजे लोकांना त्यांच्या तोंडाकडे बघून मत द्यावं लागू नये. गणपती झाल्यानंतर सभा भरली. शाळेचा हॉल, तो खच्चून भरलेला. पोटनियमांचा विषय आला. ओव्हाळांनी खुर्ची खांडग्यांना दिली, माझ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "सावकाश वाचा. कोणीतरी उठून सांगेपर्यंत मत घेऊ देऊ नका. तुमच्यावर सोडतो." आणि व्हरांड्यात गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती; आतलं बोलणं तिथे नुसता गलका म्हणून पोचायचं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी खांडगे मला म्हणाले होते, "जोगळेकर, उद्या उगाच लांबण लावू नका. आणि समीरचं काय झालं? पुढच्या वर्षी बघू आपण." एवढंच. मी "बरं" म्हणालो होतो, पण काय करायचं ते ठरवलं नव्हतं. खरंच ठरवलं नव्हतं. माईकसमोर उभा राहिलो, कागद हातात घेतला, व्हरांड्यातली ती पाठ पाहिली आणि मला ते दार आठवलं.

मी म्हणालो, "पोटनियम दुरुस्त्या, सर्व, छापील अहवालात दिल्याप्रमाणे, वाचल्या असे समजण्यात यावे."

खांडगे म्हणाले, "मंजूर?"

पहिल्या रांगेत त्यांची माणसं होती. ती ओरडली, "मंजूर!" आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. इतकी वर्षं बंदी असलेला तो गजर लोकांना जणू आठवला. शाळेच्या सुट्टीची घंटा झाल्यावर पोरं ओरडतात तसा सगळा हॉल हसत हसत ओरडला, "मंजूर! मंजूर!" मागच्या रांगेतून मणियार चाचांचाही आवाज आला. काय मंजूर केलं ते त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हतं. अहवालातलं पोटनियमांचं बारीक पानही वाचून आलेले चारदोन लोक असतील, पण बोट दाखवणारा बाहेर होता.

थोड्या वेळानं मी व्हरांड्यात गेलो. तेवढं तरी माझ्याच वाट्याचं होतं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"मंजूर झालं, साहेब."

त्यांनी मान हलवली. "वाचलंत ना नीट?"

इथे मी थांबू शकलो असतो. सगळं माघारी वळवता आलं असतं. सभा आत बसलेलीच होती.

"हो," मी म्हणालो.

"कोणी उठून सांगितलं?"

"मणियार चाचांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आमदार असेल त्याला अध्यक्ष राहता येणार नाही."

आणि ओव्हाळ हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचित पाहिलं होतं. "चाचा म्हणाले? वा! तरतूद म्हणजे छत्री म्हणणारे चाचा! मग प्रश्नच मिटला." ते आत गेले, माईकवर आले, सभेचे आभार मानले आणि सहकार निबंधकांच्या मान्यतेची वाट न पाहता तिथेच राजीनामा दिला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. निरोपाच्या वेळी टाळ्या वाजवायच्या असतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी चाचा काउंटरवर आले. "जोगळेकरसाहेब, वकीलसाहेब खुर्ची सोडून का गेले हो? आमचं काही चुकलं का?"

"त्यांची मुंबईची कामं वाढलीत," मी म्हणालो.

"असं होय. नाही, काल ते मंजूर म्हटलं ना आम्ही, ते त्यांचंच काहीतरी चांगलं असेल म्हणून म्हटलं."

मी पासबुक भरून दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

ओव्हाळांनी चाचांना त्याबद्दल कधीच विचारलं नाही. तोही नेमच. मत दिलेल्या माणसाला त्या मताबद्दल विचारायचं नाही, आभारसुद्धा मानायचे नाहीत. नाहीतर माझं खोटं आठवडाभरही टिकलं नसतं. त्यांच्याच सचोटीच्या भिंतीआड ते सुरक्षित राहिलं.

पुढची निवडणूक ते हरले. "ज्याला स्वतःच्या बँकेनं घालवलं त्याला तुम्ही निवडणार का?" एवढा एकच प्रश्न विरोधकांनी गल्लीगल्लीत विचारला. आजही जुने लोक म्हणतात, ओव्हाळांनी काहीतरी केलं असणार, उगाच का सभासदांनी काढलं? तेव्हा हे स्पष्ट लिहून ठेवतो. सभासदांनी त्यांना काढलं नाही. सभासदांना काय विचारलं जातंय तेच सांगितलं गेलं नाही, आणि ते सांगण्याचं काम माझं होतं. खांडग्यांनी समीरचं "पुढच्या वर्षी" अर्थातच काही बघितलं नाही. पुढे आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. ती विलीनीकरणाची सभा तर चहा गार व्हायच्या आत संपली.

ओव्हाळ कोर्टात परतले आणि जराही कडवट झाले नाहीत. याचं मला नवल वाटायचं, मग हळूहळू कारण कळलं. त्या सभेची हकिगत हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं समाधान झालं होतं. नव्या वकिलांना, बचत गटाच्या बायकांना, त्या सभेत मत दिलेले सोडून जो भेटेल त्याला ते सांगत. "मी लोकांना इतकी वर्षं शिकवलं की ऐका, समजून घ्या आणि मग बोला. त्यांनी ते माझ्यावरच करून दाखवलं. बांगड्यावाला उभा राहिला आणि आमदाराला घरी पाठवलं. याहून जास्त काय पाहिजे?" हे सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे. मी समोर असलो तर म्हणत, "हे साक्षीदार. यांनीच वाचलं."

मी मान हलवत असे.

समीर संगणक शिकला. मला वाटत होतं, आपला आपण शिकला. हिंजवडीत नोकरी लागून, लग्न होऊन, वारज्याला त्यानं मोठा फ्लॅट घेतल्यावर गृहप्रवेशाच्या दिवशी बोलता बोलता म्हणाला, "बाबा, ओव्हाळकाकांना बोलावलंय. त्यांनीच तर मला क्लासला पाठवलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच, बँकेतल्या माझ्या नोकरीचं ते झाल्यावर. घरी बोलावून म्हणाले, तुझे वडील माझ्यावर रागावलेत, त्यांना सांगू नकोस. क्लासवाल्याशी बोलून ठेवलं होतं त्यांनी. पहिले काही महिने रोज संध्याकाळी विचारायचे, आज काय शिकलास ते तुझ्या शब्दांत सांग. त्यांना एक अक्षर कळायचं नाही, पण मला बरोबर कळायचं की माझं कुठे अडलंय."

तेव्हा स्वयंपाकघरात दूध उतू घालत होते. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मी समीरकडे राहायला गेलो. योगायोगानं ओव्हाळांची मुलगीही त्याच सोसायटीत राहायला आली, आणि पत्नी गेल्यावर ते अधूनमधून तिच्याकडे येऊन राहू लागले. काठी आली होती, फुटाण्यांच्या जागी साळीच्या लाह्या आल्या होत्या, दात नव्हते म्हणून. सोसायटीच्या सभेला ते मुलीच्या वतीनं मागे बसत. सभासद सगळे तिशी-चाळिशीचे, कंपन्यांतले, एक डोळा मोबाईलवर. पहिल्याच सभेत तिथल्या अध्यक्षांनी लिफ्टच्या देखभालीच्या कराराचा ठराव भरभर वाचला आणि म्हणाले, "ओके? एनी ऑब्जेक्शन? पास्ड."

मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"काय पास झालं ते कोणीतरी सांगेल का?"

सगळे वळले. एक तरुण हसून म्हणाला, "आजोबा, मेलवर सगळं पाठवलंय."

"वाचलंत का तुम्ही?"

"अं... वरवर स्किम केलंय."

"म्हणजे वरची साय खाल्लीत. दूध कोणी प्यायलं?"

हशा झाला. पण मग एक मुलगी उभी राहिली. कन्नड वळणाचं मराठी बोलणारी, नव्यानं राहायला आलेली. मोबाईल खाली ठेवून तिनं सांगायला सुरुवात केली. "म्हणजे, लिफ्ट बंद पडली तर ते चोवीस तासात येणार. पण संडेला बंद पडली तर मंडेपासून चोवीस तास मोजणार." ती थांबली. "अरे, हे तर राँग आहे! माझी सासू व्हीलचेअरवर आहे."

हॉलमध्ये गलका झाला. करार परत पाठवायचं ठरलं. तेव्हापासून त्या सोसायटीत ठराव वाचला की कोणीतरी उठून सांगतो. आजही सांगतात. नवीन भाडेकरूंना वाटतं, ही पुण्याचीच काहीतरी पद्धत असावी. त्यांना ओव्हाळ माहीत नाहीत. माझी सून परवा मीटिंगहून आली आणि वैतागून म्हणाली, "आज माझ्यावर आलं होतं." मला फार बरं वाटलं.

त्या पहिल्या दिवशी सभा संपल्यावर पोरांनी ओव्हाळांभोवती कोंडाळं केलं. "आजोबा, हे भारी आहे. कुठून शिकलात?" आणि त्यांनी ती हकिगत सांगितली. हॉल, व्हरांडा, बांगड्यावाले चाचा. शेवटी काठी माझ्याकडे वळली. "हे बघा, हे साक्षीदार. यांनीच वाचलं होतं, सावकाश, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं."

मुलांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं.

कोर्टातल्या एका जुन्या मित्राला भेटायला ते लगेच निघणार होते. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. ऊन उतरलं होतं. मी ठरवलं होतं, आज सांगायचंच. मग वाटलं, सांगून मी हलका होईन, पण त्यांच्याकडून काय काढून घेईन? ज्या एका सभेवर त्यांनी आपलं सगळं आयुष्य तोलून धरलंय, तीच. आणि लगेच दुसरं वाटलं, की हाही एक बहाणाच आहे, पेन्शनरांच्या रांगेतून चिठ्ठी खिशात घालून पळालेल्या त्या गृहस्थासारखा. रिक्षा आली. मी त्यांना हात देऊन आत बसवलं, काठी आत सरकवली.

"साहेब," मी म्हणालो, "त्या सभेत मी..."

रिक्षावाल्यानं रिक्षा सुरू केली. ओव्हाळांनी मान बाहेर काढली.

"काय म्हणालात?"

त्यांचा चेहरा अजून उजळलेला होता.

"काही नाही. सावकाश जा म्हटलं."

"मी सावकाशच जातो," ते म्हणाले. "घाई तुम्हाला असते, जोगळेकर."

रिक्षा वळेपर्यंत तिच्यातून बाहेर आलेला त्यांचा हात दिसत होता. त्यानंतरच्या थंडीत ते गेले. वाक्य फार मोठं नव्हतं. "साहेब, मी तो ठराव वाचून दाखवला नव्हता, चाचा उभे राहिले नव्हते, मला माफ करा." एवढंच म्हणायचं होतं. सावकाश, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.